दुखायचं राहिलं की दुखत राहिलं?

डोकेदुखी हा शब्द आपण सगळ्यांनी मिळून पार झिजवून टाकला आहे. पार्किंग ही शहराची डोकेदुखी, बंडखोर उमेदवार ही पक्षाची, मोकाट कुत्री ही पालिकेची. त्यामुळे ज्याचं डोकं खरोखरच रोज दुखतं त्याने 'मला डोकेदुखी आहे' म्हटलं, तर ऐकणाऱ्याला फार तर काहीतरी कटकट आहे एवढं कळतं. पोटशुळाचंही तेच झालं. शूळ म्हणजे भाला, अणकुचीदार टोक. गुन्हेगाराला ज्यावर चढवत तो सूळ म्हणजे याच शब्दाचं दुसरं रूप. एवढा भयंकर शब्द, पण आज कुणाला पोटशूळ उठला की शेजाऱ्याने गाडी घेतली असणार असं समजायचं. नामं अशी सहज बदलीवर जातात. क्रियापदं मात्र अंगाला धरून राहतात, आणि रोज डोकं दुखणाऱ्यांची खरी भिस्त त्यांच्यावरच असते, असं माझं मत होत चाललं आहे.

आधी नावांचं पाहू. अर्धशिशी म्हणजे अर्धं शीर्ष. हिंदीत तीच आधासीसी. संस्कृत वैद्यक तिला अर्धावभेदक म्हणतं, म्हणजे अर्ध्या भागात भेदणारा, फोडणारा. तिकडे ग्रीकांनी 'हेमिक्रानिया' म्हटलं, म्हणजे अर्धी कवटी. तो शब्द लॅटिनमध्ये गेला, फ्रेंचांच्या तोंडात त्याचं पहिलं अक्षर गळालं आणि झालं मायग्रेन. तेव्हा 'अर्धशिशी नाही हो, मायग्रेन आहे मला' असं कुणी ठसक्यात सांगतं तेव्हा ते बिचारं एकच गोष्ट दोन भाषांत सांगत असतं.

पण या 'अर्ध्या'नेच घोळ घातला आहे. अर्धं डोकं दुखत नाही म्हणजे अर्धशिशी नाही, असं कितीतरी जण वर्षानुवर्षं धरून चालतात. आज डॉक्टर ज्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाने चालतात त्यात एका बाजूला दुखणं ही चारांपैकी फक्त एक खूण आहे. ठोके पडल्यासारखं दुखणं, दुखणं मध्यम ते तीव्र असणं आणि जिना चढण्यासारख्या साध्या हालचालीनेही ते वाढणं या बाकीच्या तीन. यांतल्या दोन पुरतात. त्यांच्या जोडीला मळमळ किंवा उजेड-आवाज सहन न होणं लागतं. म्हणजे सगळं डोकं दुखूनही ती अर्धशिशी असू शकते. शिवाय दुखणं एका जागी बसत नाही. सकाळी उजव्या भुवईवर, दुपारी मानेच्या खळग्यात, संध्याकाळी डाव्या कानशिलात. मानेच्या वरच्या भागातल्या नसा आणि चेहऱ्याची नस यांचे निरोप मेंदूच्या बुडाशी एकाच ठिकाणी पोचतात, त्यामुळे निरोप कुठून आला हे मेंदूला नीट उमगत नाही. जुन्या बायका यालाच 'वात सरकला' म्हणत. शरीरशास्त्र म्हणून ते टिकणार नाही, पण 'सरकला' हे क्रियापद अगदी बिनचूक आहे.

सुश्रुताच्या उत्तरतंत्रात 11 शिरोरोग सांगितले आहेत. त्यांतला सूर्यावर्त मला फार आवडतो (आवडतो म्हणजे नाव आवडतं). सूर्य चढेल तसा चढणारा आणि कलला की उतरणारा. इथे नाव जागेवरून न पडता वेळेवरून पडलं. सूर्योदयाच्या आधी दूध-जिलेबी खाण्याचा जो घरगुती तोडगा अजूनही सांगितला जातो, त्याचं घड्याळ हेच. तोडग्याने गुण येतो का, याबद्दल मी काही बोलत नाही. जिलेबी वाया जात नाही एवढं खरं.

नावांच्या बदलीचा आणखी एक नमुना घरोघरी पिवळ्या बामच्या बाटलीत आहे. अंजन डोळ्यांत घालायचं, पण काशीनाथुनी नागेश्वरराव यांनी 1893 मध्ये मुंबईत अमृतांजन काढलं ते कपाळाला चोळायला. पुढे त्याची जाहिरात बोरघाटातल्या जुन्या पुलावर लागली आणि पूलच अमृतांजन पूल झाला. तो 2020 च्या एप्रिलमध्ये पाडला, तरी घाटात गाडी अडकली की लोक 'अमृतांजनपाशी आहोत' असंच सांगतात.

आता क्रियापदं. डॉक्टर विचारतात, 'कसं दुखतं?' माँट्रियलच्या मॅगिल विद्यापीठातल्या रोनाल्ड मेलझॅक यांनी 1975 मध्ये यासाठी एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. त्यात वेदनेची 78 विशेषणं 20 गटांत मांडली आहेत. प्रत्येक गटातून आपल्याला लागू पडेल ते निवडायचं. मराठीत असं काही करायला बसलं तर विशेषणं शोधावी लागतील आणि क्रियापदं उतू जातील. ठणकतं ते नाडीच्या ठोक्याला धरून. ठसठसतं तेही ठोक्याने, पण आत पू धरल्यासारखं, जागच्या जागी. सणक डोळ्यामागून निघते आणि दुसऱ्या क्षणी नसते. भणभणतं त्याला जागाच नसते, सगळं डोकंच ते. सलतं ते मात्र नेमक्या एका ठिपक्यात; सल आला शल्यातून, म्हणजे बाणाच्या टोकातून, आणि ते टोक उपसून काढायची विद्या ती शल्यचिकित्सा. हुळहुळतं ते कातडीवर. डोकं उठलेल्या दिवशी केसांतून फणी फिरवली, वेणीचा रबर काढला, उशीवर कूस बदलली, तरी टाळू हुळहुळते. हे सांगायला लोक लाजतात, 'केस दुखतात' कसं म्हणायचं म्हणून. पण सांगावं. नसा चिडल्याची ती खूण आहे आणि डॉक्टरांना ती हवी असते.

ठणकण्यातली एक गंमत सांगायचीच राहिली. तडा नसलेलं धातूचं भांडं वाजवलं की ठणठण वाजतं, आणि धडधाकट माणूसही ठणठणीत. आवाज एकच, तब्येत उत्तम असल्याचाही आणि डोकं फुटायला आल्याचाही.

दुसरी तऱ्हा आवळण्याची. ठोके नाहीत, मळमळ नाही, फक्त कपाळाभोवती कुणीतरी पट्टा कसल्यासारखं. ताणाची डोकेदुखी म्हणतात ती ही. पीडा या शब्दाचा मूळ धातू पीड्, आणि त्याचा अर्थ हाच, दाबणं, रगडणं. पण पीडा हे नाम ग्रहांकडे गेलं, शेजाऱ्यांकडे गेलं, 'इडापिडा टळो' म्हणून ओवाळून टाकलं गेलं. त्याच धातूपासून आलेलं पिळणे हे क्रियापद मात्र उसाच्या चरकात आणि धुण्याच्या दगडापाशी राहिलं, आणि आपलं डोकं पिळवटलं की तेच मदतीला येतं. दुःखाचीही अशीच वाटणी झाली: विसर्गासकटचं दुःख मनाकडे, विसर्ग गळालेलं दुखणं अंगाकडे. वेदनेचं तर मूळ विद्, जाणणं. पाली ग्रंथांत वेदना तीन प्रकारची, सुखाची, दुःखाची आणि ना सुखाची ना दुःखाची. मराठीने त्यातली एकच ठेवली. रोजच्या दुखण्यात मात्र त्या तिसरीसारखं काहीतरी भेटतं. दुखतं म्हणावं तर काम चालू आहे, दुखत नाही म्हणावं तर ते खोटं.

इथे मराठीचं व्याकरण उपयोगी पडतं. 'दुखतंय' हे आत्ताचं. 'दुखतं' हे नेहमीचं. 'डोकं उठलं' म्हणजे आता पडदे ओढा, रेडिओ बंद करा. आणि 'दुखत असतं' हे ज्याची दखल कुणी घेत नाही असं. खरा घात याच शेवटच्या रूपात आहे. महिन्यातून 15 किंवा जास्त दिवस, आणि तेही तीन महिन्यांहून अधिक काळ डोकं दुखलं तर वैद्यक त्याला जुनाट रोजची डोकेदुखी म्हणतं. पण रुग्ण सांगताना फक्त उठण्याचे दिवस मोजतो आणि 'चार-पाच वेळा होतं' म्हणून मोकळा होतो. असण्याचे दिवस मोजायचे असतात हे त्याच्या गावीही नसतं. म्हणून जाणते डॉक्टर उलटा प्रश्न टाकतात: 'डोकं अगदी स्वच्छ होतं असे दिवस किती?' त्यावर भले भले गप्प होतात. मग डायरी सुरू होते. तारीख, जागा, कसं दुखलं, गोळी घेतली का. गोळीचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, कारण साधी वेदनाशामकंसुद्धा महिन्यातून 15 दिवस, आणि मिश्र गोळ्या 10 दिवस, अशी महिनोन्‌महिने घेतली की गोळीच डोकं दुखवायला लागते.

आणि मग राहणे. 'दुखायचं राहिलं' म्हणजे थांबलं. 'दुखत राहिलं' म्हणजे थांबलंच नाही. क्रियापद तेच, मागच्या शब्दाचं शेपूट बदललं की अर्थ उलटा. घरातलं माणूस दारातून डोकावून 'राहिलं का गं?' एवढंच विचारतं तेव्हा 'हो' म्हणावं की 'नाही', याचा मला अजूनही क्षणभर विचार पडतो. तोवर सल्ला ठरलेला: जरा कळ सोस. धीर धर म्हणायला मराठीने वेदनेचाच शब्द उचलला आहे. रेशनच्या रांगेतही कळच सोसायची असते.

दवाखान्यात हल्ली शून्य ते दहा विचारतात. दहापैकी किती? मला ते कधीच नीट जमत नाही, कारण काल सहा होतं ते मानेत आणि आज चार आहे ते डोळ्यामागे, यांची तुलना करायची कशी? त्यापेक्षा जुन्या पेशंटांचं माप बरं. नाणी दशमान होऊन आणे 1957 सालीच मोडीत निघाले, तरी डॉक्टरांच्या टेबलासमोर ते चालतात: 'आठ आणे फरक आहे.' यात दुखणं मोजत नाहीत, फरक मोजतात. जागा बदलली तरी हिशेब बिघडत नाही. माझा सध्या चार आण्यांच्या आसपास आहे. मागच्या पावसाळ्यात बारापर्यंत गेला होता.