चांदबिबीचा महाल : एका निजामशाही कबरीची कुळकथा

अहिल्यानगर शहराच्या पूर्वेस सुमारे 13 किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून सुमारे 3,080 फूट उंचीच्या शाह डोंगराच्या माथ्यावर जी अष्टकोनी दगडी वास्तू उभी आहे, तिला सर्वत्र ‘चांदबिबीचा महाल’ असेच म्हटले जाते. वस्तुतः ती मुर्तझा निजामशहा पहिला याचा वजीर दुसरा सलाबतखान याची कबर असून तिच्या उभारणीशी चांदबिबीचा काही संबंध नाही. तरीही लोकांच्या नजरेला ती महालासारखी वाटली, याचे कारण तिच्या रचनेतच सापडते.

मध्यभागी घुमटाखालचे उंच अष्टकोनी दालन, त्याभोवती एकावर एक तीन मजल्यांच्या टोकदार कमानींच्या रुंद ओवऱ्या, म्हणजे एका बाजूने खुल्या असलेल्या फिरत्या पडव्या, आणि कबरी मात्र खाली तळघरात, अशी ही मांडणी आहे. भिंतींवर नक्षीकाम जवळजवळ नाहीच; वास्तूचा सारा डौल प्रमाणबद्धतेत आणि चहूबाजूंनी आत येणाऱ्या वाऱ्या-उजेडात आहे. ही घडण मृताच्या स्मारकापेक्षा उद्यानमंडपाची, म्हणजे राजपुरुषांच्या विश्रांतीसाठी बागेत बांधलेल्या वास्तूची, अधिक वाटते, आणि ते स्वाभाविकही आहे, कारण नगरचा फराहबाग हा जलवेष्टित महाल पहिली रचना मुर्तझाला न रुचल्यामुळे पाडला गेल्यावर सलाबतखानाच्याच देखरेखीखाली नव्याने उभा राहून 1583 मध्ये पूर्ण झाला होता. भातोडीच्या तलावाचे श्रेयही त्यालाच दिले जाते. जलव्यवस्था आणि विहारस्थाने यांची जाण असलेल्या या कारभाऱ्याची कबर अशी हवेशीर असावी, यात त्याच्या साऱ्या हयातीची रुची उतरलेली दिसते.

त्याची अखेर मात्र क्लेशकारक होती. कैदेचा हुकूम येताच त्याने स्वतःहून बेड्या घालून घेतल्या, असे त्या दरबारात वावरलेला इतिहासकार फरिश्ता सांगतो. 1588 मध्ये मुर्तझाचा वध झाल्यानंतर सलाबतखानाची सुटका झाली, पण लवकरच तो मरण पावला.

ब्रिटिश अमदानीत, शहरापेक्षा सुमारे 900 फूट उंचावरची थंड हवा लक्षात घेऊन, याच ओवऱ्या युरोपीय सैनिकांसाठी आरोग्यस्थान म्हणून वापरण्यात आल्या. आज ही वास्तू भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षित यादीत सलाबतखानाची कबर म्हणूनच नोंदलेली आहे, आणि डोंगर चढून जाणाऱ्या प्रत्येकाला हे खरे नाव तिथेच ठळकपणे वाचायला मिळणे, हे त्या वजिराचे न्याय्य देणे आहे.