वाट पाहणाऱ्यांची पेठ

उमरखेड तालुक्यातल्या ढाणकीत काय किंवा विदर्भातल्या दुसऱ्या कुठल्याही बाजारगावात काय, ‘हॉटेल’ म्हटलं की राहण्याची खोली कुणाच्या डोळ्यांपुढे येत नाही. पोटभर जेवणही येत नाही. येते ती दारातली भट्टी, कढईतले भजे, काचेच्या कपाटातला चिवडा आणि चहा. जेवणाला वेगळा शब्द आहे, खानावळ. आणि बाजारगावात खानावळी नेहमीच हॉटेलांपेक्षा कमी राहिल्या. याला खेड्यातल्या माणसाचा काटकसरीपणा हे एकच कारण दिलं जातं. मला ते अपुरं वाटतं. बाजारपेठेत कुठे आणि काय विकायचं हे गिऱ्हाईक किती श्रीमंत आहे यावर जेवढं ठरलं, तेवढंच ते गावात कसं येतं आणि परत जाण्याआधी किती वेळ थांबतं यावर ठरलं, असं माझं म्हणणं आहे. ढाणकीच्या परिसरात बहुसंख्य माणसं पिढ्यान्‌पिढ्या स्वतःच्या वाहनाशिवाय जगली. पायी आली, बंडीने आली, पुढे एस.टी.ने आली. पेठेतली खाण्यापिण्याची सगळी रचना या येण्याजाण्याने घडवली, आणि ते बदललं तशी ती रचनाही बदलत गेली.

या भागाचा भूगोल आधी पाहायला हवा. दक्षिणेला पैनगंगा, नदीपलीकडे नांदेड जिल्हा, आणि बिटरगावच्या बाजूला जंगलातला बंदी भाग, जिथला काही टापू आज पैनगंगा अभयारण्यात मोडतो. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला आणि पैनगंगा ही नुसती नदी न राहता दोन राजवटींची सीमा झाली. १९०५ मध्ये जिल्ह्यांची फेररचना झाली तेव्हा वाशीम जिल्हा मोडला, पुसद तालुका यवतमाळला जोडला गेला आणि उमरखेडचा हा मुलूख नव्या जिल्ह्याच्या पार टोकाला येऊन पडला. रेल्वे त्याच्या वाट्याला आली नाही. ‘शकुंतला’ नावाने ओळखली गेलेली नॅरोगेज गाडी मूर्तिजापूरहून निघून यवतमाळला संपत असे. ढाणकीकरांना जवळची गाडी गाठायची तर नदी ओलांडून हिमायतनगरला जावं लागे, आणि निजामी अमलात पलीकडे करोडगिरीचा म्हणजे जकातीचा जाच होता. अशा मुलखात बाजाराला जाणं हा अख्ख्या दिवसाचा उद्योग असे. पहाटे बंडी जुंपायची, कापूस-ज्वारी किंवा तूप-अंडी घेऊन निघायचं, बैल सोडायचे, त्यांना कडबा टाकायचा, भाव होईपर्यंत थांबायचं आणि ऊन उतरलं की परत फिरायचं. जेवणाचा प्रश्न घरीच सुटलेला असे. फडक्यात बांधलेली भाकरी, वर ठेचा किंवा कोरडं पिठलं, सोबत कांदा. ही शिदोरी झाडाखाली सोडली की जेवण झालं. म्हणजे शिदोरी बांधून आलेल्याला पेठेने जेवण विकायचं कारणच नव्हतं. त्याला हवं होतं ते शिदोरीत बांधून आणता येत नाही ते: गरम चहा, तळणीतून नुकतं काढलेलं भजं, पोरांसाठी शेव-चिवडा नि जिलेबी. ‘हॉटेल’ या शब्दाचा बाजारगावातला अर्थ तिथून आला, असं मला वाटतं.

यातला चहा तसा अलीकडचा. १९०३ मध्ये चहावर उपकर लावण्याचा कायदा झाला, त्या पैशातून देशभर चहाचा प्रचार झाला, आणि १९३० च्या मंदीत परदेशी मागणी घटली तेव्हा मळेवाल्यांनी देशी गिऱ्हाइकाकडे अधिक जोराने मोर्चा वळवला. खेड्यापर्यंत तो खऱ्या अर्थाने पोचला तो स्वस्त, दाणेदार सीटीसी चहामुळे. थोड्या भुकटीत पुष्कळ रंग, आणि दूध-साखर घालून उकळला तरी चव टिकते. बाजारच्या दिवसाला असं पेय हवंच होतं. चहा बशीत ओतून पिण्याची रीतही या थांबण्याशी जुळणारी आहे. एका कपाच्या दोन बश्या होतात, समोर बसलेल्याला अर्धा देता येतो, आणि फुंकर घालून घोट घेईपर्यंत कापसाच्या भावाची, सोयरिकीची, कोर्टातल्या तारखेची गोष्ट पुढे सरकते. दारातलं लांब बाकडंही असंच. त्यावर कुणाची जागा ठरलेली नसते. एकजण सरकला की दुसरा टेकतो, आणि एका हाफ चहावर तासभर बसलेल्याला मालक उठवत नाही, कारण बाकडं रिकामं दिसलं तर रस्त्यावरचा माणूस आत वळत नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. बाकड्यावर कुणाची जागा ठरलेली नसे, हे कुणासाठी खरं होतं? सगळ्यांत लांबून पायी येणारी, डोक्यावर मोळी घेऊन येणारी माणसं बहुधा दलित आणि आदिवासी वस्त्यांतली असत, आणि देशातल्या असंख्य चहाच्या दुकानांत त्यांना बाहेर उकिडवं बसावं लागे, वेगळ्या ठेवलेल्या कपातून प्यावं लागे, तो कप स्वतः विसळून जागेवर ठेवावा लागे. तेव्हा पेठेची रचना वाहनाने नाही तर जातीने ठरवली, असं कुणी म्हटलं तर ते खोडून काढता येणार नाही. संविधानाने १५ व्या अनुच्छेदात दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं आणि हॉटेलं यांचा नावानिशी उल्लेख केला, १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता रद्द केली, आणि १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) कायद्याने अशा जागी मज्जाव करणं हा गुन्हा ठरवला. पिढ्यान्‌पिढ्यांचा अपमान बाकड्यावरच होत आला होता, म्हणून तर कायद्याला बाकड्यापर्यंत यावं लागलं. माझ्या म्हणण्याला याने धक्का बसत नाही. उलट ते अधिक नेमकं होतं. थांबणाऱ्या माणसाने पेठ उभी केली, पण थांबण्याचा मान सगळ्यांना सारखा मिळाला नाही. तो मिळवून द्यायला आंबेडकरी चळवळीला आणि कायद्याला झगडावं लागलं. या कामात एका वाहनाचाही हातभार लागला. एस.टी.च्या बाकावर शेजारी कोण बसणार हे तिकीट ठरवतं, जात नाही. आणि तासभर मांडीला मांडी लावून आलेल्यांना स्टँडवरच्या टपरीत वेगळं बसवणं पुढे कठीण होत गेलं.

एस.टी.चा इतिहास या टापूत दोन्ही काठांनी येतो. नदीपलीकडे निजामाच्या रेल्वेने १९३२ मध्ये २७ गाड्यांनिशी सरकारी बससेवा सुरू केली होती. मुंबई राज्याची पहिली एस.टी. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर धावली. विदर्भात प्रांतिक वाहतूक सेवा होती. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ आणि मराठवाडा दोन्ही मुंबई राज्यात आले, पैनगंगेवरची राज्यांची सीमा पुसली गेली, आणि १९६१ मध्ये या तिन्ही सेवांचं आजचं महामंडळ झालं. पुढच्या काळात, विशेषतः १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमीवर खडी फोडणाऱ्या हातांनी रस्ते केले आणि ‘गाव तिथे रस्ता, रस्ता तिथे एस.टी.’ ही घोषणा बऱ्याच अंशी खरी झाली. बंडीने येणारा ऊन पाहून निघत असे. एस.टी.ने येणारा वेळापत्रकाने बांधला गेला, आणि वेळापत्रक म्हणजे वाट पाहणं. शाळा-कॉलेजची पोरं, दवाखान्यात आलेले म्हातारे, बँकेत नि तहसिलीत खेटे घालणारे शेतकरी, सगळ्यांच्या हातात दोन गाड्यांमधला मोकळा तास-दीडतास आला. शिदोरी आता कमी जण आणू लागले, कारण सकाळी दहाच्या गाडीने आलेला दोनच्या गाडीने परत जायचा असे. त्या तासाभराला पेठेने उत्तर दिलं ते तर्रीपोह्यांचं, आलुबोंड्याचं, मिसळीचं. बसून खाता येईल असं, पण गाडी लागली तर घास टाकून पळता येईल असंही. पहाटे पहिली भट्टी पेटायची ती मुक्कामी गाडीसाठी. रात्री येऊन गावातच थांबलेल्या त्या गाडीचे ड्रायव्हर-कंडक्टर तोंड धुऊन चहाला येत आणि त्यांच्यामागोमाग पहिले प्रवासी. याउलट मुंबईत गिरणगावाच्या खानावळी एकट्या राहणाऱ्या कामगारांसाठी बायकांनी चालवल्या. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते अशा खानावळवाल्या बायकांना एकत्र आणूनच. तिथला माणूस घरी जाऊ शकत नव्हता, म्हणून त्याला रोजचं जेवण हवं होतं. ढाणकीत आलेला माणूस संध्याकाळी घरीच जेवणार होता. एकाच राज्यात खाण्याच्या दोन वेगळ्या संस्था तयार झाल्या त्या येण्याजाण्याच्या दोन रीतींमुळे.

नंतर मोटारसायकल आली. ऐंशीच्या दशकात कमी पेट्रोलवर चालणाऱ्या गाड्या निघाल्या, काळी-पिवळी जीप फाट्याफाट्यावर उभी राहू लागली, आणि उसाचं, हळदीचं पीक निघालं की अंगणात दुचाकी येऊ लागली. २०११ च्या जनगणनेत देशातल्या २१ टक्के कुटुंबांकडे दुचाकी होती आणि मोटार, जीप किंवा व्हॅन फक्त ४.७ टक्के कुटुंबांकडे. म्हणजे मोटारीविना जगणं हा आपल्याकडे नियम आहे, अपवाद नाही. तरीही पेठेचा चेहरा बदलायला एवढी वाहनं पुरली. दुचाकीवाला थांबत नाही. खत घेतलं, पोतं मागे बांधलं, वीस मिनिटांत घरी. त्याच्यासाठी गाव जवळ आलं आणि बाकडं दूर गेलं. चारचाकीवाल्याचं आणखी वेगळं. त्याला गाडी लावायला जागा हवी, ती पेठेच्या अरुंद रस्त्यात नाही, म्हणून त्याच्यासाठीचं हॉटेल गावाबाहेरच्या रस्त्यावर निघालं. ढाबा, मग ‘फॅमिली रेस्टॉरंट’, पाटीवर पनीर, बिर्याणी आणि शेजारी मुरमाचं मोकळं मैदान. खाण्याची ऐपत वाढली, पण ती खर्च करायची जागा पायी पोचण्याच्या अंतरापलीकडे गेली. गिऱ्हाइकाची आवड बदलली म्हणून हे झालं, असं कुणी म्हणेल. आवड बदलली हे खरंच आहे. पण पनीर तर चौकातही शिजवता आलं असतं. ते गावाबाहेर शिजतं कारण गाडी तिथे उभी राहते. २०२१ च्या अखेरीला एस.टी. कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला तो पाच महिन्यांहून अधिक चालला. त्या काळात राज्यभर स्टँडच्या आत-बाहेर टपऱ्या थंड पडल्या. गावातली दुचाक्यांची वर्दळ तर चालूच होती. टपरी कुणावर जगते, हे त्या महिन्यांनी दाखवून दिलं.

दुसरा आक्षेप बायकांच्या बाजूने येतो, आणि मला तो सगळ्यांत वजनदार वाटतो. बाजारात भाजी विकायला बाई दिवसभर उन्हात बसे, पण हॉटेलच्या बाकड्यावर ती क्वचितच बसली. नवऱ्याने पुडीत बांधून आणलेलं भजं तिच्या वाट्याला येई. बसलीच तर पडद्याआडच्या ‘फॅमिली रूम’मध्ये. गावाबाहेरच्या रेस्टॉरंटमध्ये ती खुर्चीवर बसते, स्वतः पदार्थ सांगते, पोराला मांडीवर घेऊन निवांत जेवते. ही गोष्ट लहान नाही. मोटारीने तिला ही जागा दिली असेल, तर जुन्या पेठेचं गुणगान करणाऱ्याने मान खाली घालून ते कबूल करावं. मात्र ज्या घरात गाडी नाही तिथल्या बाईला ही जागा मिळालेली नाही. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एस.टी.त अर्धं तिकीट झालं, त्याआधी २०२२ मध्ये ७५ वर्षांवरच्यांचा प्रवास मोफत झाला, आणि गाड्यांमध्ये बायका नि म्हातारी माणसं उठून दिसू लागली. पेठेत उतरणारं हे नवं गिऱ्हाईक आहे. त्यांना स्वच्छ मोरी, पिण्याचं पाणी आणि संकोच न वाटता टेकता येईल असं बाकडं हवं. ते नसल्याने त्या उपाशी परत जातात. पडद्याआडची जागा चौकात उघडी करणं अवघड नाही, त्यासाठी मोटार लागत नाही.

जगात सध्या शहराचा मध्यभाग मोटारीविना राखण्याची चर्चा जोरात आहे. कोपनहेगनमधला स्ट्रॉयेट रस्ता १९६२ मध्ये वाहनांना बंद केला तेव्हा दुकानदार हवालदिल झाले होते. धंदा बुडाला नाही, वाढला. आपल्याकडे माथेरानला मोटारींना मनाई आहे आणि तिथला बाजार चालणाऱ्यांवरच उभा आहे. पण माथेरानला माणूस हवा खायला जातो आणि कोपनहेगनमध्ये मोटार घरी ठेवून येतो. ढाणकीला ठेवायला मोटारच नव्हती. म्हणून पायी येण्याचं कौतुक इथे जपून करावं लागतं. बंदी भागातून आजारी माणसाला रात्री हलवायचं असेल तर गाडीच लागते, आणि पावसात चिखल तुडवण्यात काही सौंदर्य नाही. माझं म्हणणं रस्त्यांविरुद्ध किंवा दुचाकीविरुद्ध नाही. जी पेठ वाट पाहणाऱ्यांनी उभारली तिचा आराखडा करताना आता फक्त गाडीवाल्याचा विचार होतो, ही माझी तक्रार आहे. अतिक्रमण म्हणून पहिला हात पडतो तो हातगाडीवर. रस्त्यात आडवी लावलेली चारचाकी मात्र कुणाला अतिक्रमण वाटत नाही.

ढाणकीत आता नगरपंचायत आहे, आणि २०१४ चा पथविक्रेता कायदा तिलाही लागू आहे. त्या कायद्याने विक्रेत्यांची पाहणी करायला सांगितली आहे, नगर पथविक्रेता समितीत त्यांचेच प्रतिनिधी बसवायला सांगितलं आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्या भरत आलेला बाजार सहजासहजी उठवता येणार नाही असं संरक्षण दिलं आहे. वर्धा–यवतमाळ–नांदेड रेल्वेचं काम सुरू आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये वर्धा–कळंब टप्पा खुला झाला आणि पुढे ती पुसद, उमरखेडवरून जायची आहे. ती गाडी गाठायलाही ढाणकीच्या माणसाला आधी एस.टी.च लागेल, आणि एस.टी. लागण्याआधी थोडा वेळ हाताशी असेल. तेव्हा पाहणीला निघालेल्या कर्मचाऱ्याने गाडे आणि टपऱ्या मोजताना आणखी एक आकडा लिहून घ्यावा: दुपारी दोनच्या सुमाराला स्टँडसमोर किती माणसं उभी आहेत, आणि त्यांतल्या किती जणांना बसायला जागा आहे.