छेद लहान झाला, काम तेवढंच

चाकूरच्या माणसाला पोटाचं मोठं ऑपरेशन म्हणजे पूर्वी आधी प्रवास. निजामी अमदानीत लातूर रोड स्टेशनवरून विकाराबादमार्गे हैदराबादचं उस्मानिया रुग्णालय गाठायचं. नाहीतर लातूरहून बार्शी लाइट रेल्वेच्या छोट्या गाडीत बसायचं. ते रूळ 1911 ला लातुरात आले, 1927 ला मिरजेला पोचले, आणि तिथल्या डॉ. वानलेस यांच्या मिशन हॉस्पिटलची वाट आमच्या लोकांना सोपी झाली. 1966 साली डॉ. अशोकराव कुकडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लातुरात विवेकानंद रुग्णालय काढलं, तेव्हा कुठे ऑपरेशन एसटीच्या एका तिकिटावर आलं.

मी चाकूरची, ऑपरेशन थिएटरमधली सिस्टर. अशा मोठ्या ऑपरेशनांतलंच एक पित्तनळीच्या फुग्याचं. हा आजार क्वचित दिसतो. यकृतातून आतड्याकडे पित्त नेणारी नळी जन्मापासून फुगलेली असते. बहुतेकांचं लहानपणी कळतं, काहींचं तिशी-चाळिशीत. बायकांत तीन-चार पट जास्त. आमच्याकडची बाई आधी वर्षानुवर्षं कावीळ उतरवून घेते, बिनतेलाचं खाते. सोनोग्राफीला येते तोवर फुगा आजूबाजूच्या रक्तवाहिन्यांना चिकटलेला असतो.

फाटर या जर्मन शरीरशास्त्रज्ञानं अशा नळीचं वर्णन 1723 मध्येच केलं होतं. विसाव्या शतकात बराच काळ सर्जन फुगा जागेवर ठेवून त्यालाच आतडं जोडून देत. ऑपरेशन लवकर उरके. पण मागे राहिलेल्या अस्तरात पुढे कॅन्सर होऊ शकतो, हे हळूहळू ध्यानात आलं. तोदानी या जपानी सर्जननं 1977 मध्ये पाच प्रकार मांडले. नेहमीच्या प्रकारात आता पित्ताशयासकट अख्खा फुगा काढतात आणि लहान आतड्याचा फाटा वर आणून यकृताच्या नळीला शिवतात.

उघड्या ऑपरेशनात उजव्या बरगडीखाली लांब चिरा. चिरा ताणून ठेवायला रिट्रॅक्टर धरणाऱ्याचे हात भरून यायचे. नळी कापली की टिपायचा पांढरा मॉप हिरवट-पिवळा होई, आणि पोट शिवण्याआधी मी प्रत्येक मॉप मोजून घेई.

मग 31 मे 1990 ला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी भारतात पहिल्यांदा दुर्बिणीतून, म्हणजे पोटाला लहान भोकं पाडून, पित्ताशय काढलं. पित्तनळीचा फुगा दुर्बिणीतून काढल्याची पहिली नोंद 1995 ची, इटलीतली, एका लहान मुलीची. मोठ्या माणसांत हे नंतर रुळलं. कारण पित्ताशय नुसतं काढायचं असतं. इथं लांब काड्यांनी, पडद्याकडे बघत, बारीक दोऱ्यानं जोड शिवायचा असतो. वेळ जास्त जातो. रक्त मात्र कमी जातं आणि पेशंट लवकर उठतो. डोक्यावर भारे वाहणाऱ्या, खुरपणीला जाणाऱ्या बाईला मोठ्या चिऱ्यातून हर्निया होण्याची भीती असते, म्हणून मला दुर्बिणीचं मोल फार वाटतं.

तरी दुर्बिणीच्या केसलाही मी उघड्या ऑपरेशनचा ट्रे मांडूनच ठेवायचे. फुगा चिकटलेला असेल, रक्त थांबेना, तर सर्जननं तिथेच पोट उघडावं. त्यात त्याची हार नाही.

नातेवाईक दारात विचारायचे, "सिस्टर, भोकं किती पाडणार?" मी म्हणायचे, "मावशी, फुगा पुरता निघणार का, ते डॉक्टरांना विचारा." आणि ज्यांच्या जुन्या कागदावर फुग्याला नुसतं आतडं जोडल्याची नोंद आहे, त्यांनी दुखत नसलं तरी तो कागद घेऊन एकदा पोटाच्या सर्जनकडे जावं.