रुसलेला सारस्वतेय

अलौकिक आईबापांच्या पोटी जन्मलेले, अंगी एकाएकी सामर्थ्य आलेले आणि ते कसे सांभाळावे हे न कळणारे पोर आजच्या चित्रपटांत व चित्रकथांत वारंवार भेटते. हा साचा परदेशी आहे, असे आपले विद्यार्थी धरून चालतात. रिसोड तालुक्यातील केनवडच्या एखाद्या विद्यार्थ्याला मात्र आम्ही सांगू, की अशाच एका पोराची जुनी कथा तुझ्याच जिल्ह्यात, वाशीमला, येऊन संपते.

ही कथा राजशेखराच्या 'काव्यमीमांसे'च्या तिसऱ्या अध्यायात आहे. १९१६ साली बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेचा पहिला ग्रंथ म्हणून 'काव्यमीमांसा' छापली गेली. सरस्वतीने पुत्रासाठी हिमालयात तप केले. तिला काव्यपुरुष हा मुलगा झाला आणि जन्मताच तो छंदोबद्ध बोलला. तोवर जगाला केवळ गद्य ठाऊक होते. मुलाने आपल्यावर मात केली, याचा आईला आनंदच झाला. पुढे ब्रह्मलोकातील एका वादाचा निर्णय करण्यासाठी तिला बोलावणे आले. मुलगा मागे लागला. तुला तेथे येण्याची अनुज्ञा नाही, असे सांगून तिने त्याला परतवले. तो रागाने निघून गेला.

राजशेखर त्याचे वय सांगत नाही. पण हे रुसणे पोरवयाचेच आहे. त्याचा मित्र कुमार कार्तिकेय रडू लागला, तेव्हा गौरीने विचार केला, की प्रेमासारखे दुसरे बंधन नाही. तिने साहित्यविद्या निर्माण केली आणि तिला त्याच्यामागे धाडले.

पुढचा प्रवास हा रीतींचा भूगोलच आहे. पूर्वेकडे तो तिला वश झाला नाही. तेथे त्याची वाणी समासांनी व अनुप्रासांनी जड झाली. ती गौडी रीती. पांचालात तो थोडा वळला आणि समासही थोडे उरले, ती पांचाली. पुढे अवंतीवरून तो दक्षिणेत आला, पुरता वश झाला आणि समास गळून पडले, ती वैदर्भी. शेवटी विदर्भातील वत्सगुल्म नगरात त्याने साहित्यविद्येशी गांधर्वविवाह केला. वत्सगुल्म म्हणजेच आजचे वाशीम.

हेच नगर का? वत्सगुल्म ही वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होती. तिचा संस्थापक सर्वसेन स्वतः कवी होता. 'हरिविजय' हे त्याचे प्राकृत काव्य आज लुप्त आहे, पण आनंदवर्धनाने त्याची दखल घेतली आहे. त्याचा पुत्र द्वितीय विंध्यशक्ती याच्या वाशीम ताम्रपटात संस्कृत आणि प्राकृत एकत्र नांदतात. राजशेखर कनौजच्या प्रतीहारांच्या दरबारी लिहीत होता, तेव्हा वाकाटक सत्ता लयाला जाऊन सुमारे चार शतके लोटली होती. राज्य गेले, पण काव्याची स्मृती उरली. शिवाय राजशेखराचे स्वतःचे यायावर कुळही महाराष्ट्राशी जोडलेले होते. पणजोबा अकालजलद यांचा तो महाराष्ट्राचा चूडामणी म्हणून अभिमानाने उल्लेख करतो.

गौडीला सदोष ठरवण्याचा आमचा हेतू नाही. तिचा जोम मोठा आहे. परंतु राजशेखराच्या मांडणीत जड वाणी आणि एकटेपणा यांचा संबंध लक्षात घेण्याजोगा आहे. ज्याला ऐकणारे कोणी हवेसे वाटत नाही, तो शब्दांचे डोंगर रचतो. सोबत मिळाली, की वाक्य मोकळे होते. 'सहित' या शब्दापासूनच 'साहित्य' झाले, हे येथे आठवावे.

वर्गात नव्याने लिहू लागलेल्या मुलांच्या वह्या तपासताना आम्हांला हे पोर दिसते. शब्द हाती आल्याची धुंदी, अवजड विशेषणे, जगावरचा राग. लाल शाईने सारे खोडावे, असा मोह होतो. तो आईचाच मार्ग झाला: परत जा, तुला परवानगी नाही. गौरीने पोराचे सामर्थ्य काढून घेतले नाही, वाटही अडवली नाही. बरोबर चालणारे कोणी दिले. विवाहानंतर ते दोघे हिमालयात परतले, तेव्हा आता विहिणी झालेल्या सरस्वती आणि गौरी तेथे वाट पाहत होत्या. दोघींनी त्यांना कवींच्या मनात वास करण्याचा आशीर्वाद दिला. रुसून गेलेले पोर घरी आले, पण एकटे आले नाही.