विजेच्या डब्यांना वाली कोण?

30 डिसेंबर 2023 रोजी जालना–मुंबई वंदे भारत सुरू झाली आणि छत्रपती संभाजीनगरच्या रुळांवरून इंजिनाविना गाडी धावू लागली. तिच्या मोटारी डब्यांच्याच खाली बसवलेल्या. या शहरात रेल्वे आली ती निजामाच्या काळात, 1900 च्या सुमारास, मनमाड–हैदराबाद मीटरगेजवरून. पुढे वाफ गेली, डिझेल आलं, 1990 च्या दशकात गेज बदललं. विजेची तार मात्र इथवर पोहोचायला 2020 नंतरचा काळ उजाडावा लागला.

मुंबईने इंजिनाविना धावणाऱ्या गाड्यांची ही जात जवळजवळ 99 वर्षं आधी पाहिली होती. 3 फेब्रुवारी 1925 रोजी गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांनी व्हीटी ते कुर्ला अशी हार्बरची पहिली विजेची लोकल सुरू केली. डबे कॅमेल लेअर्ड आणि जर्मनीतल्या उर्डिंगनचे, वीज 1500 व्होल्ट डीसी.

पाठोपाठ वीज घाटांत पोहोचली. भोर आणि थळ घाटात 37 फुटांना एक फूट असा चढ. त्यासाठी आलेल्या मालगाडीच्या इंजिनांना कामगारांनी नाव ठेवलं ‘खेकडा’. मधे चालकाचा भाग, दोन्ही टोकांना वळणावर बोगीबरोबर फिरणारी लांब नाकं, आणि चाकांना जोडणारे, वाफेच्या इंजिनासारखे खालीवर होणारे दांडे. उतारावर त्याच्या मोटारी उलट वीज तयार करून तारेत परत सोडत. आपल्या अभियांत्रिकीच्या इतिहासातलं हे मोठं देखणं पान आहे. त्यातलं ‘सर लेस्ली विल्सन’ नावाचं इंजिन आज दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात उभं आहे.

उभं आहे, चालत नाही. आणि चालवायचं म्हटलं तरी कुठे? 9 एप्रिल 2016 च्या रात्री हार्बरवर शेवटची डीसी लोकल धावली. आता सगळीकडे 25,000 व्होल्ट एसी. वाफेच्या इंजिनाला कोळसा-पाणी दिलं की ते आपल्या गेजच्या कुठल्याही रुळावर निघतं. विजेच्या जुन्या डब्याला मात्र त्याची स्वतःची तार लागते.

अमेरिकेत मेन राज्यातल्या केनेबंकपोर्टला हौशी मंडळींनी हेच ओळखलं. 1939 मध्ये त्यांनी 150 डॉलरला एक भंगारात निघालेली ट्राम विकत घेतली. मग रूळ टाकले, तार ओढली. सीशोअर ट्रॉली म्युझियममध्ये आजही स्वयंसेवक जुन्या गाड्या दुरुस्त करून चालवतात.

आपल्याकडे जतनाचं काम प्रामुख्याने रेल्वे खात्यानेच केलं, आणि त्यातही मान मिळाला इंजिनांना. लाखो माणसांना रोज कामावर नेणारे लोकलचे डबे आयुष्य संपलं की लिलावात जातात. हे चुकीचं आहे. एक डबा, अर्धा किलोमीटर रूळ आणि 1500 व्होल्टची तार, एवढं महाराष्ट्राला जड नाही.

डीसी मोटार उघडून कार्बन ब्रश बदलणारे, आर्मेचर गुंडाळणारे कारशेडचे निवृत्त फिटर अजून आपल्यात आहेत. तुमच्या नात्यागोत्यात असा कोणी असेल, तर त्यांच्याकडून ते काम आजच लिहून घ्या. फोटो असतील तर मागे नाव, वर्ष घाला.