श्रीरामपूर, 11 मार्च 1812

बुधवार. संध्याकाळचे सहा वाजत आलेत आणि तुम्ही हुगळीकाठच्या एका मिशनरी छापखान्यात उभे आहात. दालन एवढं लांब की या टोकाच्या माणसाला त्या टोकाला हाक मारावी लागते. सुमारे 200 फूट असेल. नदीपलीकडे बराकपूर दिसतं. कलकत्ता इथून खाली, बोटीनं काही तासांवर. हे आपल्या नगर जिल्ह्यातलं श्रीरामपूर नव्हे. हे बंगालमधलं, डेन्मार्कच्या राजाच्या मालकीचं आणि सध्या इंग्रजांनी ताब्यात घेतलेलं.

खिळे जुळवणारे नुकतेच घरी गेलेत. त्यांच्या पेट्यांतून एक खिळा उचलून बघा. बोटाच्या पेराएवढा शिशाचा तुकडा, टोकाला उलटं अक्षर. उजेडाकडे धरून थोडा फिरवला की कळतं, हे मोडी आहे. दोन वर्षांपूर्वी मराठीचा शब्दकोश याच अक्षरांत इथे छापला गेला. त्याआधी 1805 साली मराठीचं व्याकरण निघालं आणि गेल्या वर्षी मराठी नवा करार. तो आज वाचला तर आपल्या कानाला अडखळल्यासारखा वाटतो, कारण त्याचं भाषांतर करणाऱ्या विल्यम केरीसाहेबांना मराठी शिकवणारे पंडित वैजनाथ नागपूरकडचे आणि ऐकणारे सारे बंगालात. तरीही आपली भाषा मोडी अक्षरांत छापली गेली ती इथे, हे हा खिळा हातात असताना विसरता येत नाही.

आसपास चौदा पौर्वात्य भाषांचे खिळे आहेत. इंग्लंडहून आलेल्या कागदाची रिमं छताला भिडलीत. विल्यम वॉर्ड अजून टेबलाशी बसून लिहितायत. ते डर्बीचे, हाडाचे छापखानेवाले, आणि या दालनाचा कारभार त्यांच्याकडे आहे.

आधी वास येतो.

कागदाच्या कोठीतून धूर निघतोय. वॉर्ड धावत आत जातात आणि गुदमरून बाहेर येतात. मग ते शहाणपणाची गोष्ट करतात, सगळी दारं-खिडक्या लावून घ्यायला सांगतात. हवा मिळाली नाही तर आग आपोआप दमेल. छताला भोक पाडून वरून पाणी ओतायचं ठरतं. शाळेतून वॉर्डचे सहकारी जोशुआ मार्शमन येतात, मुलं येतात, गावातले लोक येतात. तुमच्या हातातही घडा दिला जातो. नदी जवळ आहे एवढंच नशीब. घडा पुढे द्यायचा, रिकामा मागे घ्यायचा. खांदे भरून येतात. पाण्यात काजळी मिसळून तुमचे हात काळे होतात. तासामागून तास असे जातात आणि खरंच, धूर कमी होऊ लागतो. कुणीतरी देवाचे आभार मानतं.

तेवढ्यात कुणीतरी एक खिडकी उघडतं. वाईट हेतूनं नव्हे, मदत करायच्या धांदलीतच. हवा आत शिरते आणि क्षणात अख्खं दालन पेटतं. बाजूच्या खोलीतली पाच छापयंत्रं लोक ओढून बाहेर काढतात, बाकी काही हाती लागत नाही. मध्यरात्रीच्या सुमाराला छत खाली येतं. वारा पडलाय, ज्वाळा सरळ वर चढतायत, म्हणून शेजारची घरं वाचतात. जीव कुणाचा जात नाही. आग कशानं लागली, हे शेवटपर्यंत कुणाला कळणार नाही.

मला या रात्रीत सारखी ती खिडकी दिसते. सगळं योग्य केलं होतं, प्रार्थना चालू होती, आग विझत आली होती, आणि एका चांगल्या हेतूच्या हातानं सगळं घालवलं. विश्वासी माणसाला खरा त्रास अशाच ठिकाणी होतो. वाइटाचा हात दिसला तर लढता येतं. इथे लढायचं कुणाशी? आणि देव सर्वसत्ताधीश असेल तर ती खिडकी त्याच्या सत्तेबाहेर होती का? मंडळीत हा प्रश्न आपण हळू आवाजात विचारतो. तुम्ही मात्र आता त्या राखेजवळ उभे आहात. इथे तो मोठ्यानं विचारा.

विल्यम केरी आज इथे नाहीत. आठवड्यातले काही दिवस ते कलकत्त्याला फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली, संस्कृत आणि मराठी शिकवतात. गुरुवारी सकाळी मार्शमन त्यांना सांगायला निघतात, तुम्हीही त्यांच्यासोबत बोटीत बसा. मार्शमन वाटेत फारसं बोलत नाहीत. काय बोलणार?

केरी पन्नाशीतले, बुटके, डोक्यावर केस विरळ. तरुणपणी इंग्लंडातल्या खेड्यात जोडे शिवायचे. मार्शमन सांगतात आणि केरी गप्प होतात. बराच वेळ त्यांना शब्दच फुटत नाही. त्या शांततेला लगेच श्रद्धेचं नाव देऊ नका. माणूस हबकला की असाच बसतो. देवावर भरवसा असलेल्या माणसालाही हबकायला मुभा आहे, आणि मला तर वाटतं, ज्याला कधीच हबकायला होत नाही त्याचा भरवसा अजून तपासला गेलेला नाही.

या माणसानं आजवर काय सोसलंय, तेही ऐकून ठेवा. 1793 मध्ये ते बंगालात उतरले. दुसऱ्याच वर्षी पाच वर्षांचा पीटर हगवणीनं गेला. पत्नी डोरथी आधी हिंदुस्थानात यायलाच तयार नव्हती. शेवटी आली, आणि मुलाच्या मृत्यूनंतर तिचं मन ढळलं ते पुन्हा सावरलं नाही. वर्षानुवर्षं एका खोलीत तिचा आरडाओरडा आणि लगतच्या खोलीत केरींचं भाषांतर. 1807 च्या डिसेंबरात ती गेली. डोरथीच्या त्या वर्षांकडे बोट दाखवून ‘ही देवाची योजना होती’ असं सहज म्हणणारा माणूस मला सहन होत नाही. देवाचं सार्वभौमत्व मी मानतो, मनापासून मानतो. पण दुसऱ्याच्या दुःखावर ठोकायचा तो शिक्का नव्हे. ज्याच्या अंगाला चटका बसलाय त्यानं स्वतःच्या तोंडानं, स्वतःच्या वेळी म्हणायची ती गोष्ट आहे. कधीकधी वर्षं जातात, आणि ती वर्षं त्याला द्यावी लागतात.

आता केरी काय म्हणतात ते पाहू.

गुरुवारी संध्याकाळी बोट परत श्रीरामपूरच्या घाटाला लागते. कलकत्त्याचे पाद्री थॉमस थॉमसनही सोबत आलेत. जळालेल्या दालनातून अजून धूर निघतोय. केरी राखेतून चालतात आणि त्यांच्या मागून तुम्ही. पायाखाली वितळून पुन्हा गोठलेलं शिसं लागतं, कुठे थाळीसारखं पसरलेलं, कुठे गोळा झालेलं. त्यातला एखादा गोळा तेलुगू होता, एखादा पंजाबी, एखादा मराठी. आता सगळे सारखेच.

पण शिशाचं दुःख नाही. शिसं पुन्हा ओतता येतं. केरींची नजर हस्तलिखितं होती त्या कोपऱ्याकडे जाते. तेलुगू आणि पंजाबी व्याकरणं तिथे होती. पवित्र शास्त्राच्या भाषांतरांचे गठ्ठे होते. रामायणाच्या इंग्रजी अनुवादाचा भाग होता. आणि संस्कृत व तिच्या गोतातल्या भाषांचा एकत्र महाकोश होता. पंडितांना शेजारी बसवून, एकेक शब्द विचारून घेतलेली ती वर्षांची मेहनत. नक्कल नव्हती.

केरींच्या डोळ्यांत पाणी आहे. ते थॉमसनना जे सांगतात त्याचा आशय असा: एका संध्याकाळीत वर्षांचं काम गेलं. देवाचे मार्ग आपल्याला थांग लागू देत नाहीत. आपण हल्लीच काही कामं पूर्णत्वाला नेली होती आणि या सगळ्या पसाऱ्याकडे जरा जास्तच समाधानानं बघत होतो. प्रभूनं आपल्याला खाली आणलं, आता नजर त्याच्याकडेच लागो.

हे ऐकताना सावध राहा. आग हा त्यांच्या गर्वाचा दंड होता, असा निवाडा आपण द्यायचा नाही. केरींनी तो दुसऱ्या कुणाबद्दल दिला नाही. खिडकी उघडणाऱ्याबद्दल नाही, वॉर्डबद्दल तर नाहीच. त्यांनी फक्त स्वतःला विचारलं, की माझा विसावा नेमका कशावर होता? छापखान्यावर, की ज्याच्यासाठी छापखाना उभारला त्याच्यावर? हा प्रश्न आपापल्या अंतःकरणातच विचारायचा असतो.

राखेच्या दुसऱ्या टोकाला वॉर्ड वाकून काहीतरी चाळतायत. वर बघतात तेव्हा चेहरा काळा, पण हसरा. पोलादी ठसे सापडलेत! साचेही. ज्या ठशांवरून साचे होतात आणि साच्यांतून खिळे ओतले जातात, ते मूळ ठसे आगीनं बिघडलेले नाहीत. पंचानन कर्मकार आणि त्यांचे जावई मनोहर यांनी एकेक अक्षर पोलादात कोरलेलं. मनोहर हिंदू आहेत, हिंदूच राहणार आहेत, आणि त्यांच्या हातचं काम या ख्रिस्ती छापखान्याचा कणा आहे. देव आपलं काम कुणाकुणाच्या हातून सांभाळतो, याची यादी मंडळीच्या हजेरीपटावर मावत नाही.

रविवार येतो. 15 मार्च. उपासनेत तुम्ही मागच्या बाकावर बसा. केरी प्रवचनासाठी 46 वं स्तोत्र घेतात. भूमी हादरतेय, डोंगर समुद्रात कोसळतायत, पाणी खवळलंय, आणि अशा गदारोळात देव आपल्या लोकांना स्तब्ध होऊन त्याला ओळखायला सांगतो, ते दहावं वचन. केरी दोनच मुद्दे मांडतात. एक, आपलं काय करायचं याचा अधिकार देवाचा. दोन, त्याच्या इच्छेला मान तुकवणं हे आपलं कर्तव्य.

पहिला मुद्दा आजच्या कानाला कठोर लागतो. आपल्याला देव सोबती म्हणून हवा असतो, धनी म्हणून नको. पण केरींना सोबत मिळाली होती ती धन्याचीच. दुसरा मुद्दा पुष्कळांना नशिबासारखा ऐकू येईल, की झालं ते झालं, गप्प बसा. तसं नाही. नशिबाशी बोलता येत नाही. नशिबापुढे रडलं तरी ऐकणारं कुणी नसतं. केरी ज्याच्यापुढे मान तुकवतायत त्याला ते बाप म्हणतात, त्याच्याशी रोज बोलतात, त्याच्या पुढ्यात रडतात, आणि ज्या पुत्राला त्या बापानं वधस्तंभापासून वाचवलं नाही त्याच्या नावानं रडतात. वधस्तंभ बाजूला काढला तर देवाचं सार्वभौमत्व हा नुसता सत्तेचा सिद्धांत उरतो, आणि सत्तेला माणूस भितो, तिच्यावर भरवसा टाकत नाही. केरी भरवसा टाकू शकतात, कारण त्या सत्तेच्या हाताला खिळ्यांच्या खुणा आहेत.

प्रवचन चालू असताना तुम्हाला पुढचं सगळं माहीत आहे, त्यांना काही माहीत नाही. आगीची बातमी सप्टेंबरात इंग्लंडला पोचेल. नुकसान सुमारे 10,000 पौंडांचं, आणि दोनेक महिन्यांत तेवढी रक्कम जमा होईल. मिशनचे इंग्लंडमधले चिटणीस अँड्र्यू फुलर यांना लोकांना सांगावं लागेल की आता पुरे. ज्या मिशनचं नाव आजवर थोड्यांनाच ठाऊक होतं ते घरोघरी पोचेल. आणखी एक गोष्ट: फेब्रुवारीत अमेरिकेहून मिशनरी घेऊन निघालेली दोन जहाजं आत्ता समुद्रावर आहेत. एकावर अ‍ॅडोनिराम जडसन, दुसऱ्यावर गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट. कंपनी सरकार त्यांना कलकत्त्यात राहू देणार नाही. जडसन ब्रह्मदेशात जातील, हॉल आणि नॉट 1813 च्या फेब्रुवारीत मुंबईला उतरतील, आणि अमेरिकन मराठी मिशन सुरू होईल. पुढे अहमदनगरला कवी नारायण वामन टिळक याच मिशनबरोबर काम करतील. तुमच्या आजीच्या तोंडची भजनं त्या वाटेनं आलीत.

उठून हे सगळं केरींना सांगावंसं वाटतंय ना? नका सांगू. त्यांना त्याची गरज पडलेली नाही. आपल्या साक्षींमध्ये बहुधा शेवट आधी येतो: नोकरी गेली पण त्याहून चांगली मिळाली, आजार आला पण बरा झाला, म्हणून देव विश्वासू. त्या साक्षी खोट्या नाहीत, पण ज्याची नोकरी परत मिळालीच नाही तो मागच्या बाकावर बसून त्या ऐकत असतो. व्याकरणं पुन्हा लिहून होतील. एकदा चाललेल्या वाटेनं दुसऱ्यांदा जाताना पाऊल अधिक नेमकं पडतं, असं केरी एका पत्रात लिहितील. महाकोश मात्र पुन्हा होणार नाही. 1834 च्या जूनमध्ये केरी जातील तोवरही तो झालेला नसेल. या रविवारच्या प्रवचनातलं एकही वाक्य तो परत मिळेल या आशेवर उभं नाही.

उपासना संपते. वॉर्डना नदीकाठची एक वखार मिळालीय, अगदी अलीकडेच रिकामी झालेली. सोमवारी ओतकाम तिथेच. ओतारी पाळ्या लावून रात्रंदिवस काम करणार आहेत. दोन वर्षांनी इथूनच मोडी अक्षरांत ‘सिंहासन बत्तिशी’ निघेल, पण ते पुढचं. राखेतलं शिसं अजून नीट गोळा झालेलं नाही आणि हात कमी पडतायत. वॉर्ड तुमच्याकडे बघतात, कोपऱ्यातल्या टोपलीकडे बोट दाखवतात आणि सांगतात, मोठे गोळे आधी.