इंदूरचे कणत्वरक आणि त्यांचे कारागीर



रत्नागिरी जिल्ह्यांतील नेवरें गांवचे गोविंद बल्लाळ खेर पेशव्यांच्या पदरीं चाकरीस राहिले आणि पुढें बुंदेलखंडाचा कारभार त्यांच्या हातीं आला, ही हकीकत इतिहासाच्या वाचकांस ठाऊक आहे. गोविंदपंत बुंदेले या नांवानें ते प्रसिद्ध झाले. सागर हें त्यांनीं आपल्या कारभाराचें ठाणें केलें, आणि १७६० च्या अखेरीस, पानिपतच्या संग्रामापूर्वीं थोडेच दिवस, ते कामास आले. त्या काळापासून कोंकणांतून व देशावरून गेलेलीं कितीतरी मराठी कुटुंबें नर्मदेपलीकडे स्थायिक झालीं. त्याच सागर शहरीं १९४० सालीं दिलीप देविदास भवाळकर यांचा जन्म झाला. आज ज्या यंत्रांची गोष्ट मी आपणांस सांगणार आहें, तीं यंत्रें जेथें घडलीं त्या इंदूरच्या संस्थेचे हे पहिले संचालक.

या यंत्रांस कणत्वरक म्हणतात. विजेचा भार असलेल्या अतिसूक्ष्म कणांस, म्हणजे इलेक्ट्रॉनांस किंवा प्रोटॉनांस, प्रचंड वेग देणें हें त्यांचें काम. हा वेग देण्याची युक्ति आपल्या ओटीवरच्या झोपाळ्याकडे पाहिलें असतां सहज उमगते. जड माणूस बसलेला झोपाळा एका दणक्यानें उंच न्यावयाचा म्हटलें तर पहिलवानाचीहि दमछाक होईल. परंतु झोपाळा मागें येऊन वळतो नेमक्या त्या क्षणीं एखादें लहान पोर हलकासा रेटा देत राहिलें, तर तोच झोपाळा थोड्याच वेळांत कड्या करकरवीत तुळईकडे झेप घेऊं लागतो. येथें महत्त्व बळाला थोडें आणि वेळ साधण्याला फार. वेळ चुकली, तर तोच रेटा झोपाळ्याला अडवितो.

रोल्फ व्हिडेरो नांवाच्या नॉर्वेजियन इंजिनियरानें १९२८ सालीं हेंच तत्त्व विजेस लावून दाखविलें. फार मोठ्या दाबाची वीज वापरूं गेलें कीं ठिणगी उडते आणि यंत्र निकामी होतें. म्हणून त्यानें २५,००० व्होल्टांचा एकच दाब दोनदां, योग्य वेळीं, कणांस दिला आणि ५०,००० व्होल्टांचें काम करून घेतलें. त्याचा जर्मन भाषेंतील निबंध अमेरिकेंत अर्नेस्ट लॉरेन्स यांच्या हातीं पडला. लॉरेन्स यांस जर्मन बेताचेंच येत असे. पण निबंधांतील आकृत्या पाहूनच त्यांस कल्पना सुचली कीं, लोहचुंबकाच्या साह्यानें कण गोल फिरवावा, म्हणजे तोच रेटा शेकडों वेळां देतां येईल. १९३१ सालीं तळहातावर मावेल एवढा पहिला सायक्लोट्रॉन त्यांनीं चालवून दाखविला, आणि १९३९ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें.

आतां आपल्या देशाकडे वळूं. कलकत्त्यास मेघनाद साहा यांनीं हिंदुस्थानांत सायक्लोट्रॉन उभारण्याचा ध्यास घेतला होता. त्यांचे शिष्य नागचौधुरी लॉरेन्स यांच्याच प्रयोगशाळेंत शिकून १९४१ सालीं परत आले. टाटांच्या विश्वस्त-निधीनें द्रव्यसाह्य केलें आणि चुंबकाचे भाग येऊन पोंचले. इतक्यांत महायुद्धाची आग पूर्वेकडे पसरली आणि निर्वात-पंप घेऊन निघालेलें जहाज जपान्यांनीं बुडविलें. कणांच्या मार्गांत हवा राहिली, तर ते तिच्याशीं टकरा घेऊन वाटेंतच थांबतात. तेव्हां पंपावांचून सायक्लोट्रॉन म्हणजे पाण्यावांचून होडी. येथल्या येथें पंप बनविण्याची खटपट झाली. पण ती विद्या अंगीं नव्हती. साहा १९५६ सालीं निवर्तले. ज्या यंत्राचें स्वप्न त्यांनीं तारुण्याच्या उत्साहानें पाहिलें नव्हे, तर प्रौढपणीं हट्टानें पुरें करूं पाहिलें, तें खऱ्या अर्थानें उपयोगी पडूं लागण्यास त्यानंतरहि वर्षें जावीं लागलीं.

मुंबईनें दुसरा मार्ग धरला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९५३ सालीं दहा लक्ष व्होल्टांचें यंत्र बसलें, तें हॉलंडच्या फिलिप्स कंपनीचें. पुढें तुर्भें येथें ५५ लक्ष व्होल्टांचें यंत्र आलें, तें अमेरिकेचें. या यंत्रांवर उत्तम संशोधन झालें आणि विद्यार्थ्यांच्या पिढ्या तयार झाल्या. त्यांचें मोल कमी लेखण्याचें कारण नाहीं. परंतु यंत्र वापरण्याची विद्या वेगळी आणि यंत्र घडविण्याची विद्या वेगळी. १९७७ च्या जून महिन्यांत कलकत्त्यास २२४ सेंटिमीटर व्यासाच्या चुंबकाचा नवा सायक्लोट्रॉन सुरूं झाला. त्याचा आराखडा अमेरिकेंतील यंत्रावरून घेतलेला असला, तरी घडण येथली होती. साहांच्या बुडालेल्या जहाजाचें पहिलें खरें उत्तर तें.

भवाळकर या क्षेत्रांत आडवाटेनें आले. सागर विद्यापीठांत पदार्थविज्ञान शिकून ते इंग्लंडास गेले, साउदॅम्प्टन विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन १९६७ सालीं परतले, आणि तुर्भें येथील भाभा अणु-संशोधन केंद्रांत लेसर-किरणांच्या कामास लागले. लेसर त्या वेळीं सात वर्षांचें बाळ होतें. परदेशांतून लेसर मागवून प्रयोग करणें सोपें होतें. त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं लेसर घडविण्याचें काम पत्करलें. अभियांत्रिकी-शास्त्रांतील भटनागर पारितोषिक त्यांस १९८४ सालीं मिळालें, आणि त्याच वर्षीं १९ फेब्रुवारी रोजीं इंदूरजवळ प्रगत तंत्रज्ञान केंद्राची पायाभरणी राष्ट्रपति झैलसिंग यांच्या हस्तें झाली. लेसर आणि कणत्वरक या दोन विद्यांसाठीं हें केंद्र होतें. जागा होळकरांच्या वेळच्या सुखनिवास वाड्याच्या आसमंतांतील, तळ्याकांठची. तळें आणि माळरान यांपलीकडे तेथें कांहीं नव्हतें.

ज्यांस त्वरक बांधावयाचा, त्यांच्यापैकीं बहुतेकांनीं आयुष्यांत एकहि त्वरक बांधलेला नव्हता. अशा वेळीं एकदम मोठ्या यंत्रास हात घालावा असा मोह होतो. इंदूरकरांनीं पायऱ्या पाडल्या. पहिली पायरी मायक्रोट्रॉनची: त्यांत इलेक्ट्रॉनांस २ कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टांपर्यंत शक्ति मिळते. दुसरी पायरी सुमारें २८ मीटर परिघाच्या सिंक्रोट्रॉनची: तेथें कणांचें रिंगण ठरलेलें असतें आणि कणांची शक्ति वाढेल तसतसा चुंबकाचा जोर वाढवीत न्यावा लागतो. तिसरी पायरी ‘इंडस-१’, जेमतेम १९ मीटर परिघाचें सांठवण-कडें. तेथें ४५ कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट शक्तीचे कण तासन् तास फिरत राहतात, आणि वळतांना जो प्रकाश फेंकतात तो प्रयोगांसाठीं बाहेर काढतां येतो. १९९९ सालीं हें कडें सुरूं झालें. शेवटची पायरी ‘इंडस-२’: परिघ १७२ मीटरांहून कांहींसा अधिक, शक्ति २५० कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट, आणि प्रकाश क्ष-किरणांचा.

या आंकड्यांमागें कारागिरी किती, तें पाहा. इंडस-२ मधील इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाच्या इतका जवळ असतो, कीं तो सेकंदाला सुमारें १७ लाख फेऱ्या घालतो. तासभर फिरावयाचें, तर सहाशें कोटींहून अधिक प्रदक्षिणा झाल्या. इतक्या प्रदक्षिणांत त्यानें नळीच्या भिंतीस शिवूं नये, यासाठीं शेंकडों चुंबक मिलिमीटरच्या अल्पांशापर्यंत ओळींत बसवावे लागतात. नळींतील हवेचा दाब वातावरणाच्या दाबाच्या लक्ष-कोटीव्या अंशाच्या आसपास आणावा लागतो. नळीच्या आंत कोणाच्या बोटाचा ठसा उमटला, तर तोहि वायु सोडूं लागतो. प्रत्येक फेरींत प्रकाश फेंकल्यामुळें जी शक्ति खर्ची पडते, ती रेडिओ-लहरींच्या नेमक्या रेट्यानें भरून काढावी लागते. हाहि झोपाळाच, फक्त चुकीला येथें क्षमा नाहीं.

१७ डिसेंबर २००५ रोजीं पंतप्रधान मनमोहनसिंग यांनीं इंडस-२ राष्ट्रास अर्पण केलें आणि केंद्रास राजा रामण्णा यांचें नांव देण्यांत आलें. भवाळकर २००३ सालींच निवृत्त झाले होते. पायाभरणीपासून मोजलें, तर ही वाटचाल एकवीस वर्षांची. यावर कोणी रोखठोक विचारील कीं, हें यंत्र विकत घेतलें असतें तर दहा वर्षें वांचलीं नसतीं काय? हा प्रश्न उडवून लावण्याजोगा नाहीं. विलंब झाला हें खरें, आणि त्या काळांत इतर देशांनीं याहून प्रखर यंत्रें उभारलीं हेंहि खरें. ज्या संशोधकास आजच क्ष-किरण हवे होते, त्यास या विलंबाची किंमत मोजावी लागली.

परंतु त्या वर्षांत काय पिकलें, तेंहि जमेस धरलें पाहिजे. जिनेव्हाजवळ सर्न या संस्थेनें २७ किलोमीटर परिघाचा महात्वरक बांधावयास घेतला. भारताशीं तिचा करार १९९१ सालीं झाला, आणि १९९६ सालीं महात्वरकाच्या कामांत भारताचा वांटा ठरला. त्या बोगद्यांत १,२३२ मुख्य चुंबक आहेत. प्रत्येक सुमारें १५ मीटर लांब, ३५ टन वजनाचा, आणि उणें २७१ अंशांपर्यंत थंड केलेला. असें धूड मिलिमीटरच्या विसाव्या हिश्श्याइतक्या सूक्ष्मतेनें हलवून बसवावयाचें, तर त्याखालीं तसेच जॅक हवेत. असे सुमारें ७,००० जॅक भारतांतून गेले. त्यांच्या जोडीला सुमारें १,८०० लहान अतिवाहक चुंबक गेले, आणि मोठ्या चुंबकांची परीक्षा घेण्यासाठीं आपले इंजिनियर पाळीपाळीनें तेथें राहिले. या सर्व कामाचें सूत्र इंदूरकडे होतें. २०१२ सालीं हिग्ज कणाचा शोध तेथें जाहीर झाला, तेव्हां जगानें शास्त्रज्ञांचीं नांवें ऐकलीं. चुंबकाखालच्या जॅकचें नांव कोण घेणार? पण पंप मिळाला नाहीं म्हणून ज्या देशाचा सायक्लोट्रॉन अडून राहिला होता, त्याच देशाच्या जॅकवर सत्तर वर्षांनीं जगांतील सर्वांत मोठा त्वरक उभा होता. विकत घेतलेल्या यंत्रानें हें साधलें नसतें.

भवाळकर मूळचे लेसरचे अभ्यासक. त्वरकाचा प्रत्येक चुंबक त्यांनीं आंखला असें म्हणणें त्यांसहि रुचणार नाहीं. २००० सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. पण त्या सन्मानाच्या मागें वेल्डर, फिटर, निर्वात-तंत्रज्ञ आणि रात्रपाळीचे इंजिनियर असे शेंकडों लोक उभे आहेत. संचालकाचें खरें कर्तृत्व असें कीं, या माणसांस शिकावयास त्यानें वेळ दिला, आणि ‘विकतच आणा’ या वाजवी वाटणाऱ्या सूचनेपुढें तो वेळ राखून ठेवला.

रत्नागिरीकर विचारतील कीं, यांत आमचें काय? २००७ सालीं हापूस आंबा अमेरिकेस गेला, तेव्हां त्यांतील कीड निकामी व्हावी म्हणून त्यास लासलगांवच्या केंद्रांत कोबाल्टच्या किरणांखालून जावें लागलें. तेंच काम इलेक्ट्रॉन-त्वरकाचा झोत करूं शकतो, आणि त्यांत विशेष हें कीं, कळ बंद केली कीं किरण बंद. वैद्यकीय साहित्य निर्जंतुक करण्यासाठीं असे त्वरक इंदूरच्या तंत्रज्ञांनीं घडविलेहि आहेत. आंब्याच्या पेटीपासून जिनेव्हाच्या बोगद्यापर्यंत पोंचणारी ही विद्या आहे, आणि ती आपल्या पॉलिटेक्निकांत आज लेथवर हात बसवीत असलेल्या मुलाच्या आवांक्याबाहेरची नाहीं. त्यास कोणी एवढेंच सांगावें, कीं तूं धरलेलें काम बारीक असलें तरी हलकें नाहीं.